भुलीचा सौदा

काकूंनी आयुष्यात कशाचीही पहिली किंमत मान्य केली नाही. तापाचीसुद्धा नाही.

मेडिकलला असताना मी अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत त्यांच्याकडं भाड्यानं राहायचे. वरच्या मजल्यावर आम्ही काही मुली, खाली काकू आणि त्यांचा संत्र्यांचा व्यापार. एका हिवाळ्यात मला सणकून ताप भरला. काकू जिना चढून वर आल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर खिडकीकडं धरून बघितलं.

"एकशे दोन? कायचे एकशे दोन! इतकासाक तं कोमट हाय. एकशे एक धर."

"काकू, ताप काय कमीजास्त करून घ्यायची गोष्ट आहे का?"

"सांगनारा पयले जास्तच सांगते माय. आपन कमी करून घ्याचं असते."

संध्याकाळी ताप उतरला. त्याचं श्रेय गोळीला न देता काकूंनी स्वतःकडं घेतलं आणि खालच्या दोन दुकानदारांना ते सांगूनही आल्या.

नवरा वारल्यावर त्यांनी त्याचा धंदा हातात घेतला होता. धंदा असा, की वरूडकडच्या बागा झाडावर फळ हिरवं असतानाच उभ्याच्या उभ्या विकत घ्यायच्या. झाडाझाडाखालून हिंडायचं, नजरेनं फळ जोखायचं आणि अख्ख्या बागेचा एकच आकडा बोलायचा. अंदाज चुकला की वर्ष गेलं. काकू डोक्यावर पदर घेऊन, हात मागं बांधून, तोंडातून शब्द न काढता ओळीओळीतून चालत. एरवी ज्या तोंडाला दिवसभर उसंत नसे ते बागेत शिवल्यासारखं बंद. शेवटच्या झाडाशी आल्या की असा आकडा बोलत की बागायतदार बांधावर बसकण मारी. मग तो नाही म्हणे, मग काकू उठून निघत आणि गेटपर्यंत जात. गेटाच्या बाहेर पाय टाकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. गेट यायच्या आत मागून हाक येई.

त्यांचा उजवा डोळा लहानपणी बोरीच्या काट्यानं जवळपास गेलेला होता. उजेड-अंधार तेवढा कळायचा. सगळा व्यापार डाव्या डोळ्यावर चालला होता, आणि ही गोष्ट घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. आम्हाला ठाऊक झाली ती त्यांच्या उजव्या हाताला आम्ही ठेवलेलं दूध त्यांच्यादेखत उतू गेलं तेव्हा. उजवीकडचा गॅस त्यांना दिसतच नसे.

दुखण्याबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "दुखते म्हनलं का समोरचा भाव वाढवते." म्हणून त्यांना कधी काही दुखतच नसे. एकदा बागेत सौदा रंगात आलेला असताना त्यांच्या पायाला विंचू चावला. तो बागायतदार मला नंतर भेटला होता, त्याला विंचवाचा पत्ताच नव्हता. त्याला एवढंच आठवत होतं की बाई त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर सौदा तोडून, त्याच्या चहाला नाही म्हणून निघाल्या. काकू सरळ चालत जीपपर्यंत गेल्या, आत बसल्या, काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "आता दवाखान्यात ने. पन हळू ने. तो अजून पाहून राहिला."

अशा बाईला भीती एकाच गोष्टीची होती. गुंगीची.

त्याला कारण घडलं होतं. त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ते पूर्ण भूल देऊन. ऑपरेशन छान झालं. पण शुद्धीवर येताना माणूस थोडा वेळ कुठल्याकुठं असतो, आणि काकू तेव्हा भर वॉर्डात बोलत सुटल्या. येत्या हंगामात कुठल्या बागेला किती रुपयांपर्यंत चढायचं ठरवलं आहे, हे त्यांनी बागेच्या नावानिशी, खणखणीत आवाजात सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा भाऊ बाजारातला दलाल होता. तो जेवणाचा डबा घेऊन आला होता. डबा तसाच ठेवून तो वरूडला गेला.

"माह्या पोटातला खडा काढला नाई त्याइनं, माह्या पोटातलं सारं काढलं," काकू म्हणत. त्या दिवसापासून भूल देणारे सगळे डॉक्टर त्यांच्या लेखी चोरांचे भाऊ होते.

आणि मी नेमकी भूलतज्ज्ञ झाले.

मी मूळची अकोल्याची. शिक्षण संपवून अकोल्याला परतले आणि वेगवेगळ्या दवाखान्यांत भूल द्यायला जाऊ लागले. पेढे घेऊन काकूंना सांगायला गेले तर त्या पेढा हातात धरून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

"इतकं शिकून लोकाइले झोपवाचंच काम भेटलं का व तुले?"

"काकू, झोपवणं सोपं असतं. परत उठवायला शिकावं लागतं."

"आन् उठताना बोलाले कोन लावते? तुमीच नं?" पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एके दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. घरात मच्छर फार झालेत, म्हणाल्या. दोन दिवस अगरबत्ती लावून झाली, कॉइल लावून झाली, टाळ्या वाजवून हात लाल झाले, पण एक मच्छर मरत नाही. मी म्हटलं, काकू, मच्छर मारायला मला कशाला फोन?

"कारन का, डोया मिटला तरी ते दिसून राहिले."

मी विचारलं, मच्छरांच्या आधी डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं होतं का? झालं होतं. आता अजून काही?

त्यांनी आवाज अजून खाली घेतला. मग म्हणाल्या, "आज सकायपासून डाव्या डोयात खालून काया पडदा वर येऊन राहिला. कोनीतरी हळूहळू ओढते तसा."

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला पडदा, रेटिना, सुटत चालला होता. मधला भाग सुटायच्या आत तो परत बसवणं गरजेचं होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता अमरावतीतच दाखवा, मी फोन करून ठेवते.

"अमरावतीत नाई. मले दवाखान्यात पाह्यलं का उद्या सारी मंडी डोया पाहाले येईन. बहाराचे सौदे तोंडावर आले. मी अकोल्याले येतो. तू हायस ना तिथं? तोंड बंद ठेवजो."

संध्याकाळी त्या अकोल्यात होत्या. घरी सांगून आल्या होत्या की भाडेकरू मुलीच्या घरी सत्यनारायण आहे.

आमच्या दवाखान्यात पडद्याची ऑपरेशनं करणारे सर अकोल्याच्या जुन्या शहरातले. घरचा कापडाचा व्यापार, वडील अजून दुकानात बसायचे. बोलणं मऊ, हात त्याहून मऊ. त्यांनी काकूंचा डोळा तपासला, दिवा बाजूला केला आणि सांगितलं, "अम्मा, पडदा सुटलाय, पण बीचवाला हिस्सा अजून शाबूत आहे. उद्या सकाळी करून टाकू. भूल कोणती द्यायची ते मॅडम ठरवतील."

काकूंनी खुर्ची माझ्याकडं वळवली. पदर डोक्यावर घेतला. मी ती खूण ओळखली. बाई बागेत शिरल्या होत्या.

आता मलाही थोडं सांगायला हवं. त्यांच्या कागदांवरून भूल कुठली द्यायची हे माझ्या मनात आधीच ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसला होता, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. पण मी त्यांच्याच घरात राहून डॉक्टर झाले होते. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. फक्त क्रम माझा ठेवला.

"पहिला उपाय पूर्ण भूल. घशात नळी घालून झोपवायचं. ऑपरेशनचं काही म्हणजे काही कळणार नाही. पण तुमच्या हृदयाला ते जरा जड जाईल. आणि उठताना..."

"नाई. दुसरा."

"दुसरा, डोळ्याच्या खोबणीत सुईनं औषध द्यायचं. डोळा बधिर होतो, तुम्ही जाग्या राहता. पण तुमचं रक्त पातळ आहे. सुईनं डोळ्यामागं रक्त साकळायची भीती थोडी जास्त."

"डोयात सुई? मले काय बाहुली समजली का? नाई. आमच्या शेजारनीचा मोतीबिंदू निस्त्या थेंबावर काढला. बाहेर येऊन तिनं पोहे खाल्ले. मले बी थेंब टाका."

सर म्हणाले, "अम्मा, मोतीबिंदू म्हणजे खिडकीची काच बदलणं. आपल्याला आत जाऊन मागची भिंत लिंपायची आहे. तिथपर्यंत थेंब पोचत नाही. बहोत दुखेगा."

"दुखू द्या. मले दुखत नाई."

"आपको नहीं दुखेगा, पर आप हिलेंगी. आणि तुम्ही हलाल तेव्हा माझा हात तुमच्या डोळ्याच्या आत असणार आहे."

काकूंनी पिशवी उचलली. "सुईशिवाय काई असन तं बोला. नाईतं मी चालली."

सर घाबरून माझ्याकडं बघू लागले. मी त्यांना डोळ्यानंच थांबा म्हटलं. काकू उठल्या, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या. डोळ्यापुढचा काळा पडदा खालून चढल्यामुळं उंबरठा त्यांना दिसेना, त्या पायानं तो चाचपू लागल्या. त्या चाचपणाऱ्या पायाकडं बघून माझा खेळ मलाच नकोसा झाला.

"काकू, एक आहे."

त्या वळल्या नाहीत. नुसती मान थोडी तिरकी झाली.

"आधी थेंबांनी वरचं बधिर करायचं. मग एक बोथट, वाकडी नळी डोळ्याच्या कडेनं मागं सरकवून औषध सोडायचं. टोकदार सुई नाही. दाब जाणवेल, जरा चुरचुरेल. कमी पडलं तर मधे पुन्हा देता येतं."

"हे पयले काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही उठला नव्हतात."

काकू परत येऊन बसल्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण व्यापारी माणसानं तसं दाखवू नये म्हणून त्यांनी ते पुसलं. "आन् झोपेची सुई? गुंगीची?"

"हलकीशी बऱ्याच जणांना देतो. भीती कमी होते."

"थेंबभर बी नोको. मी बोलली तं माही वाट लागन. शब्द दे मले."

"देते. पण जिवाला धोका झाला तर शब्द मोडीन. आणि माझी एक अट आहे. ऑपरेशन चालू असताना बोलायचं नाही. एक अक्षर नाही. बोललात की डोकं हलतं."

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ये चुप रहेंगी?"

मी म्हटलं, "बागेत राहतात, सर." आणि मलाच त्याची खात्री वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरच्या बाहेर हिरव्या गाऊनमध्ये काकू फार लहान दिसत होत्या. केस टोपीत, बांगड्या काढलेल्या. मी त्यांना विचारलं, बोलायचं नाही तर दुखलं हे मला कळणार कसं? आम्ही सहसा पेशंटला हात दाबायला सांगतो.

"तोंडावर कापड टाकता का तुमी?"

"हो, डोळा तेवढा उघडा."

"मंग झालं नं. जुने लोक मंडीत रुमालाखाली हात घालून भाव करत. कोनाले दिसू नाई म्हनून बोटं दाबायची. माह्या सासऱ्यानं शिकवलं मले. एक बोट दाबलं तं चालते. दोन म्हंजे जरा जास्त. पंजा दाबला तं सौदा हाताबाहेर गेला समज."

"पण खरा भाव सांगायचा, काकू."

"मंडीत खरा भाव कोन सांगते व?"

नळीतून औषध सोडताना त्यांनी एक बोट दाबलं. डोळा बधिर झाला, कापड पडलं, सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी कापडाखाली हात घालून त्यांचा हात धरून बसले. तो हात कोरडा आणि खरखरीत होता, माझ्या हातात सावध पडून.

सुरुवातीचा बराच वेळ शांततेत गेला. सिस्टरनं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. मग अचानक कापडाखालून आवाज आला, "कोनीतरी माह्या डोयात झाडू मारून राहिलं!"

सरांचे हात जागच्या जागी थिजले. अशा ऑपरेशनमध्ये जाग्या पेशंटला कधीकधी आतल्या हत्यारांच्या सावल्या दिसतात. आम्ही त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, पण दिसल्यावर त्यांना राहवलं नाही.

"अम्मा," सर अगदी हळू म्हणाले, "झाडू मैं ही मार रहा हूँ. आप बस देखिए. बोलिए मत."

काकूंनी एक बोट दाबलं. मला वाटलं, दुखतंय. मग कळलं की ती माफी होती.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. काम लांबलं. पडद्याला मागं एक फाट होती, ती सरांच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली. लेझर सुरू झाला तेव्हा मी मॉनिटरकडं पाहिलं. नाडी वाढू लागली होती. रक्तदाबही वर सरकत होता. माझ्या हातात त्यांनी एक बोट दाबलं.

"काकू, भाव सांगा."

एक बोट.

नाडी अजून वर गेली. कापडाच्या कडेला त्यांचा गळा दिसत होता, तिथली शीर उडत होती. पायाचे अंगठे एकमेकांवर घट्ट चढले होते. ज्या हृदयाला जपायचं म्हणून मी ही सगळी घासाघीस केली होती, तेच आता पळत सुटलं होतं. माझ्या ट्रेमध्ये गुंगीचं इंजेक्शन भरून तयार होतं. ते दिलं असतं तर नाडी खाली आली असती, आणि कदाचित त्या बोलल्याही असत्या. कदाचित दचकून डोकंही हललं असतं. मी इंजेक्शनकडं एकदा पाहिलं. मग त्यांच्या कानाशी वाकले.

"काकू, इथं भाव वाढवणारं कुणी नाही. माझ्याशी सौदा नको करू."

मी त्यांना आयुष्यात प्रथमच एकेरीत बोलले. माझं मलाच नंतर लक्षात आलं.

कापडाखाली काही हललं नाही. मग दोन बोटं दाबली गेली. जरा थांबून तीन. आणि मग त्यांनी माझा अख्खा पंजा असा आवळला की माझी अंगठी माझ्याच बोटात रुतली.

"सर, थांबा," मी म्हटलं. "बधिरपणा उतरलाय. परत औषध द्यावं लागेल."

सर थांबले, आणि त्यांनी त्या बोथट नळीनं पुन्हा औषध सोडलं. आम्ही वाट बघत बसलो. मॉनिटरचा टिकटिक आवाज हळूहळू चालीवर आला. माझ्या हातातली मूठ बोट-बोट करत सुटली, पण हात त्यांनी सोडला नाही. शेवटच्या टाक्यापर्यंत तो तिथंच होता, आता अगदी सैल, लहान मुलाचा असावा तसा.

बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न डोळ्याबद्दल नव्हता. "मी एकच बोट दाबून राहिली होती. तुले कसं समजलं?"

"नाडी मशिनवर दिसते, काकू."

त्या विचारात पडल्या. "बरं झालं मंडीत मशीन नाई."

खरी शिक्षा पुढं होती. पडदा जागेवर दाबून ठेवायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. तो पाठीमागं टेकावा म्हणून काही दिवस तोंड खाली करून राहायचं. बसताना खाली, झोपताना खाली, जेवतानाही खाली. उंचीवर गॅस फुगतो म्हणून तो जाईपर्यंत घाट चढायचा नाही, म्हणजे काकूंना घेऊन चिखलदऱ्यावरून सेमाडोहला जायचा घरच्यांचा बेतही बंद. काकू कपाळ उशीवर टेकवून जमिनीशी बोलत. माणसं त्यांना पायांवरून ओळखू येऊ लागली. सिस्टरच्या चपलेची टाच झिजली होती, तिनं नव्या सपाता घ्याव्यात, हेही त्यांनी तिला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत असताना दारात एक खोकला ऐकू आला. काकूंची पाठ ताठ झाली. दारात धोतर-टोपीतले एक गृहस्थ उभे होते, एका डोळ्याला पट्टी, हात चौकटीवर. खोली चुकून आले होते.

"हे इंजेक्शनवाल्याइची खोली होय का जी?"

"तुमी?" काकू जमिनीला म्हणाल्या.

गृहस्थ दचकले. वरूडचे हे व्यापारी. प्रत्येक बागेत काकूंच्या समोर बोली लावणारे एकमेव. दोघं एकमेकांचं नाव घ्यायचं टाळत, नुसते 'ते' आणि 'त्या' म्हणत.

"तुमी इथं कायले?" त्यांनी विचारलं.

"माही कंबर धरली. डॉक्टरीन आपली ओयखीची हाय म्हनून आली. तुमी?"

"पुतन्याले भेटाले आलो. त्याच्या डोयात कचरा गेला."

मी मधे उभी. काकूंचं तोंड खाली, त्यांना यांची पट्टी दिसत नव्हती. यांना उघड्या डोळ्यानं जेमतेम दिसत होतं, त्यामुळं उशीत दडलेली काकूंची पट्टी दिसत नव्हती. मला दोन्ही दिसत होत्या, आणि पेशंटची गोष्ट तिसऱ्याला सांगायची नाही या नियमानं माझं तोंड दोन्हीकडून बांधलेलं होतं. ते खुर्ची चाचपून बसले. दोघं यंदाच्या बहाराबद्दल बोलू लागले. पाऊस बरा आहे, फळ विरळ आहे, नजरेत भरत नाही, असं दोघंही म्हणाले.

"मी मागच्या आठवड्यात पाहून आलो. तुमी?" त्यांनी विचारलं.

"मी तं कालच पाहून आली," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आत आली. "आजी, डोळ्यात थेंब टाकायचे, जरा मान वळवा. आणि बाबा, तुम्ही इथं बसलात होय? तिकडं तुमचं नाव पुकारून पुकारून थकले. आज दुसऱ्या डोळ्याचं इंजेक्शन आहे ना तुमचं?"

गृहस्थांचा हात आपसूक डोळ्यावरच्या पट्टीकडं गेला.

आधी काकूंची पाठ हलू लागली. मला वाटलं रडतायत. मी पुढं झाले तर त्या उशीत तोंड खुपसून हसत होत्या, आणि मी "काकू, हलू नका, टाके आहेत" म्हणून ओरडत होते. मग ते गृहस्थही हसू लागले, खोकत खोकत, धोतराच्या सोग्यानं बरा डोळा पुसत. साखरेनं त्यांचे दोन्ही पडदे खराब होत चालले होते. वरूडमध्ये कळू नये म्हणून ते दर महिन्याला पुतण्याच्या नावानं अकोल्याला येत होते.

"कोनाले सांगसान तं पाहा," काकू म्हणाल्या.

"तुमी सांगसान तं मी सांगन."

डोळा बरा झाला, पण काकूंना तो पूर्वीसारखा परत मिळाला नाही. पडदा नीट बसला, मधलं साफ दिसू लागलं, पण कडेचा एक भाग गेला तो गेलाच, आणि दूरच्या सरळ रेघा त्यांना जरा वाकलेल्या दिसत. जवळचं मात्र चोख. सर म्हणाले, एवढा पडदा सुटून हे मिळालं ही मेहेरबानी समजा. काकूंनी त्यांच्याशी त्यावर घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्यानं सांगितलेला आकडा तसाच मान्य केला. मी तिथं होते, म्हणून सांगते.

हे सगळं लिहू का, असं मी त्यांना हल्लीच विचारलं. "लिह्य. भाव तेवढे लिहू नोको," त्या म्हणाल्या.

यंदा बहाराच्या सौद्यांच्या दिवसांत त्यांनी मला रविवारी वरूडजवळच्या एका बागेत बोलावलं. मी गेले तर गेटाशी दोन जीपा नव्हत्या, एकच होती. ओळींमधून काकू आणि ते धोतर-टोपीवाले बरोबर चालले होते. दोघांनी भागीदारी केली होती. टोपीवाल्यांना इंजेक्शनांनंतर दूरचं ठीक दिसत होतं, ते दुरून झाडाचा घेर आणि फळाची दाटी बघत. काकू फांदी खाली ओढून जवळून फळाची साल, डाग, देठ बघत. मग दोघं झाडाखाली उभं राहून एकमेकांशी असे भांडत की पाखरं उडून जात. भांडण संपलं की एकच आकडा बाहेर पडे, आणि तो दोघांच्या वेगवेगळ्या आकड्यांपेक्षा कमी असे.

बागायतदार माझ्याशेजारी उभा होता. तरुण माणूस, बापाच्या काळात काकूंनी ही बाग कशी घेतली ते ऐकून असलेला. वरूडमध्ये कुजबूज पोचली होती की म्हातारा-म्हातारी दोघांच्या डोळ्यांचं काही खरं नाही, आणि यंदा चांगला भाव निघेल या आशेनं तो सकाळपासून नवा शर्ट घालून बसला होता. आता त्याचा चेहरा उतरत चालला होता.

तिकडं काकू एका फांदीपाशी थांबल्या. गॉगल कपाळावर चढवला, फळ नाकाशी आणलं आणि भागीदाराला काहीतरी म्हणाल्या. ते दूर सरकून, मान मागं टाकून झाडाचा शेंडा बघू लागले.

बागायतदार माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरीनबाई, खरं खरं सांगा. या दोघाइले दिसते का हो?"

मी म्हटलं, "मला डोळ्यांतलं काही कळत नाही, दादा. मी भूल देते."